‘चार तास झोप पुरते’ म्हणे!

‘झोप ही नुसती सवय आहे. चार तासांची लावा, शरीर जुळवून घेतं. कमी पडली तर दिवसा नाहीतर रविवारी भरून काढा.’ हा मेसेज आमच्या बुटीबोरीच्या रात्रपाळीवाल्यांच्या ग्रुपवरही आला. खाली अंगठेच अंगठे.

‘आपल्याला तर सवय झाली बावा,’ असं मीही म्हणायचो. सवय होते, पण कशाची? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २००३ च्या प्रयोगात निरोगी माणसांना चौदा रात्री चार किंवा सहाच तास झोपू दिलं. सहा तासवाल्यांचंही लक्ष शेवटी एक-दोन रात्री सलग जागलेल्यांइतकं ढासळलं. त्यांना मात्र थोडीशीच पेंग येतेय असं वाटत होतं. म्हणजे सवय होते ती न कळण्याची. मशीनवर उभ्या माणसासाठी याहून वाईट काय?

शरीर जुळवून घेतं म्हणे. शिकागोत ११ तरुणांना सहा रात्री चारच तास झोपवलं, तर त्यांची रक्तातली साखर आवरण्याची ताकद घटली. हा अभ्यास १९९९ चा. थोड्या झोपेत खरंच भागणारी माणसं असतात, पण विरळा. ते त्यांच्या जनुकांत असतं, सरावाने येत नाही.

आता दिवसाची झोप. मेंदूच्या तळाशी काही हजार पेशींचा एक पुंजका आहे. तो डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर शरीराचं घड्याळ लावतो. आम्ही सात वाजता सुटतो. टपरीवर तर्री-पोहे, मग वर्धा रोडनं घरी येईस्तोवर तोंडावर ऊन. शरीराला सांगावा गेला: दिवस उजाडला! मग खिडकीला चादर लावा, कूलर फुल्ल करा, दुपारी बारा-एकला डोळे टक्क उघडतात. मे महिन्यात तर बोलूच नका.

रविवारी थकवा उतरतो, मान्य. पण दुपारपर्यंत लोळलं की घड्याळ आणखी मागे सरकतं आणि सोमवारी पहाटेचा गजर जिवावर येतो.

घड्याळाची अशी ओढाताण वर्षानुवर्षं चालली की काय होतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये रात्रपाळीला ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात टाकलं. पाळी केली की कर्करोग होतोच, असा त्याचा अर्थ नाही (हाही मेसेज फिरेल, म्हणून आधीच सांगतो).

पाळ्या टळणार नाहीत, पण त्यांचा क्रम बदलता येतो. आपलं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब चालतं, म्हणून सकाळ, दुपार, रात्र असं पुढे सरकणं सोपं जातं. आमच्याकडे उलटं फिरवतात. दोनदा अर्ज दिला, उत्तर नाही.