वाढ थांबली, हिशेब मात्र जुनाच

‘पुढच्या वर्षी प्रवेश वाढतील’ हे वाक्य दरवर्षी विद्यापीठाच्या अंदाजपत्रकाच्या बैठकीत ऐकून आता मनस्वी चीड येते. विद्यार्थिसंख्या अनेक दशके वाढत होती, तेव्हा त्या वाढीच्याच भरवशावर विद्यापीठांनी इमारतींसाठी कर्जे काढली. आता जन्मदर घटल्यामुळे अनेक देशांत तरुणांची संख्याच आटत आहे, तरी हप्ते आणि देखभाल तशीच आहे. शिवाय अध्यापन घाईने उरकता येत नाही, त्यामुळे इतरत्र वेतन वाढले की शिक्षक टिकवण्यासाठी त्यांचेही वेतन वाढवावे लागते आणि काम तेवढेच राहूनही विद्यापीठाचा खर्च वाढतो. अर्थशास्त्रज्ञ बॉमोल आणि बोवेन यांनी १९६६ मध्ये रंगमंचीय कलांबाबत हेच दाखवले होते. हे सारे ठाऊक असूनही कात्री लागते ती कंत्राटी शिक्षकांना आणि ग्रंथालयाला, आणि उरलेली तूट शुल्कवाढ करून विद्यार्थ्यांच्याच माथी मारली जाते!