एसीत दरवर्षी गॅस कसा भरावा

विदर्भात एप्रिल लागला, पारा चाळिशीपार गेला आणि गाडीच्या एसीतून गरम हवा येऊ लागली, की सुज्ञ गाडीमालकाने एकच निदान करावे : गॅस संपला. यापुढे विचार करण्याची गरज नसते. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तो गॅस दाबणारा कॉम्प्रेसर, उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर, दाब उतरवणारा अरुंद तोंडाचा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि हवा गार करणारी कूलिंग कॉइल अशा बंद वाटेने फेऱ्या मारत राहतो, रबरी नळ्यांतून वर्षाकाठी अगदी थोडा पाझरतो आणि एका हंगामात संपलाच तर कोठे तरी गळती आहे असा त्याचा अर्थ होतो, असे कोणी सांगू लागल्यास त्या गृहस्थाशी फार सलगी ठेवू नये. घरातला फ्रीज गॅस न भरता दहा-बारा वर्षे कसा चालतो, हा प्रश्न मनात आलाच तर तो तेथेच दडपून टाकावा.

या विधीची तयारी मात्र हिवाळ्यापासूनच करावी लागते. दिवाळी झाली की एसीचे बटण बंद करावे आणि होळीपर्यंत त्याला हात लावू नये, म्हणजे ‘एसी वाचवला’ असे समाधान लाभते. कॉम्प्रेसरच्या दांड्याभोवतीचे सील ओले राखणारे तेल गॅसबरोबरच फिरत असते. चार महिने ते फिरले नाही की सील कोरडे पडू लागते आणि गॅसला बाहेरची वाट मिळण्याची सोय होते. थंडीतही आठवड्या-दोन आठवड्यांतून दहा मिनिटे एसी चालवण्याचा सल्ला देणारे लोक या सोयीच्या मुळावर उठलेले असतात.

एसी गरम हवा नेमकी कधी देतो, याकडेही लक्ष देऊ नये. गाडी महामार्गावर असताना गारवा असतो आणि सिग्नलला थांबताच हवा तापते, हे लक्षण कंडेन्सरच्या पंख्याकडे बोट दाखवते, आणि तो पंखा फ्यूज किंवा रिलेसारख्या किरकोळ वस्तूमुळेही बंद पडलेला असू शकतो. पण किरकोळ खर्चात काम झाले तर एसी दुरुस्त केल्यासारखे वाटत नाही. डॅशबोर्डच्या आतून टकटक ऐकू येत असेल आणि एका बाजूच्या जाळीतून गार, दुसऱ्या बाजूच्या जाळीतून गरम हवा येत असेल, तर गार-गरम हवा मिसळणारी झडप फिरवणाऱ्या मोटरचे दात बहुधा झिजलेले असतात. त्यावरही गॅसच भरावा. रेडिएटरपुढचा कंडेन्सर चिखलाने आणि किड्यांनी लिंपलेला असल्यास तो पाण्याने धुवू नये. इतक्या वर्षांची पुटे एका सकाळी घालवणे बरे दिसत नाही.

आता मेकॅनिकची निवड. इंजिन बंद असतानाच गॅस भरायच्या व्हॉल्व्हची पिन नखाने दाबून, ‘फुस्स’ असा आवाज ऐकून, ‘गॅस थोडाच उरलाय, साहेब’ असे सांगणारा कारागीर सर्वोत्तम. आर-१३४ए हा गॅस नळ्यांत थोडा जरी द्रवरूपात शिल्लक असला, तरी कॉम्प्रेसर बंद असताना त्याचा दाब मुख्यतः तापमानावर ठरतो. म्हणजे भरपूर गॅस असलेली आणि निम्माच उरलेली गाडी उन्हात शेजारी उभ्या केल्या तर दोहोंच्या दाबमापकांचे काटे जवळपास एकाच आकड्यावर थांबतील. म्हणूनच बॉनेटखालच्या छोट्या स्टिकरवर गॅसचे प्रमाण दाबात नव्हे, तर ग्रॅममध्ये छापलेले असते आणि गॅस वजनकाट्यावर तोलून भरायचा असतो. ते स्टिकर कोणी वाचू नये यासाठी त्यावर ऑइलचा हात पुसून ठेवावा. प्रमाणाहून जास्त गॅस गेला तर दाब चढतो, प्रेशर स्विच कॉम्प्रेसर बंद करतो आणि हवा पुन्हा गरम येते. तेव्हा आणखी गॅस भरावा.

भरण्यापूर्वी व्हॅक्यूम पंप अर्धा-पाऊण तास लावून नळ्यांतली हवा आणि ओल काढतात, असे काही ठिकाणी पाहायला मिळते. हा नुसता कालापव्यय होय. ओल आत राहिली तर तिचे एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या तोंडाशी बर्फ होते, एसी काही वेळ गार हवा देऊन गप्प बसतो, बर्फ वितळले की पुन्हा सुरू होतो आणि प्रवास अनपेक्षित घटनांनी भरून जातो. जुना गॅस यंत्राने काढून घेण्याऐवजी तसाच हवेत सोडावा. तो वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक समर्थ आहे आणि अशा वायूंचा वापर घटवण्यासाठी २०१६ साली किगालीत करारही झाला; परंतु किगाली रवांडात आहे आणि आपला मेकॅनिक रिंगरोडला.

गळती शोधण्याचा आग्रह तर मुळीच धरू नये. नळीच्या जोडापाशी धूळ चिकटून झालेला काळपट, तेलकट डाग दिसला तर नजर वळवावी, कारण गॅसबरोबर तेलही बाहेर येते आणि तो डाग गळतीचा पत्ता सांगतो. नायट्रोजनचा दाब देऊन त्या जागी साबणाचा फेस लावला, तर बुडबुडे येऊन सारे बिंग फुटते आणि एखादे ओ-रिंग, म्हणजे जोडातले रबरी कडे, बदलून प्रकरण मिटण्याचा धोका असतो. त्यापेक्षा गळती आतून बुजवणारे रसायन ओतावे. ते गळती बुजवो न बुजवो, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह बुजवण्याची शक्यता चांगली असते.

एवढे सगळे करूनही गाडी विकायची वेळ आलीच, तर ती जानेवारीत विकावी आणि ग्राहकाला सकाळी लवकर बोलवावे. एसीबद्दल त्याने विचारलेच, तर ‘दरवर्षी न चुकता गॅस भरतो’ असे छातीठोकपणे सांगावे.