भाड्याच्या घरातला वास आणि सोडा-व्हिनेगरचा फेस

भाड्याच्या घरात आधीच्या बिऱ्हाडाचा वास राहिला असेल तर काय करावं, यावर एक निरोप सगळीकडे फिरतोय. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून स्प्रेच्या बाटलीत भरा आणि घरभर फवारा. मांजराच्या लघवीचा वास हटत नसेल तर त्यातच झाकणभर ब्लीच टाका. सिगारेटच्या वासाला कोपऱ्यांत सोड्याच्या वाट्या ठेवा. एका रात्रीत वास गायब!

यातला ब्लीचचा सल्ला जिवावर बेतू शकतो, म्हणून आधी त्याचंच बोलू. ब्लीचमध्ये व्हिनेगर पडलं की क्लोरीन वायू सुटतो. जुन्या लघवीत अमोनिया असतो, त्याच्याशी ब्लीचची गाठ पडली की क्लोरामाइन तयार होतात. दोन्ही वायू डोळे आणि घसा जाळतात, श्वास कोंडतात. क्लोरीन तर हवेपेक्षा जड, म्हणजे खाली बसून कोपरा घासणाऱ्याच्या नाकाशीच साठणार. चुकून असं मिश्रण झालंच तर ते आवरत बसू नका, आधी बाहेर मोकळ्या हवेत जा. आणि हा निरोप तुम्ही कुणाला पाठवला असेल तर कृपा करून त्यांना आजच कळवा.

आता तो फेस. सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. एकत्र आले की दोघांचाही जोर संपतो. फसफसतो तो नुसता कार्बन डायऑक्साइड, आणि मागे उरतं सोडियम अ‍ॅसिटेटचं खारट पाणी. शिवाय हे बंद बाटलीत भरलं तर दाबाने बाटली फुटू शकते. वेगवेगळे वापरले तर मात्र दोन्ही कामाचे आहेत. घामाचा किंवा नासलेल्या दुधाचा आंबूस वास आम्लांचा असतो, त्यावर सोडा चालतो. अमोनिया किंवा मासळीच्या वासावर व्हिनेगर. फक्त संगमरवरावर व्हिनेगर नको, त्याची चकाकी जाते आणि भरपाई डिपॉझिटमधून होते.

मांजराच्या लघवीतल्या युरिक आम्लाचे खडे पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. ते फरशीच्या सांध्यांत, गालिच्याच्या धाग्यांत बसून राहतात आणि हवा दमट झाली की वास पुन्हा उठतो. त्यासाठी एन्झाइमवालं, म्हणजे हे खडे तोडणारी प्रथिनं असलेलं, क्लीनर लागतं, आणि तेही वरवर शिंपडून भागत नाही. लघवी जितकी आत मुरली तितकं आत ते पोचलं पाहिजे, आणि बाटलीवर लिहिलेल्या वेळेपर्यंत जागा ओली राहिली पाहिजे.

सिगारेटच्या बाबतीत वाटीभर सोडा काहीच करत नाही, कारण वासाचं मूळ हवेत नसतंच. निकोटिन आणि डांबराचा चिकट थर भिंती, छत, कपाटांची दारं, पडदे यांवर बसलेला असतो आणि तिथून तो हळूहळू हवेत येत राहतो. अमेरिकेतल्या सॅन डिएगोमध्ये झालेला एक अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. धूम्रपान करणारे घर सोडून गेले, घर साफ झालं, मधे काही आठवडे रिकामंही राहिलं, तरी नंतर राहायला आलेल्या, धूम्रपान न करणाऱ्यांच्या बोटांवर निकोटिन सापडलं. इथे घासण्याला पर्याय नाही. भांड्यांचं लिक्विड कोमट पाण्यात घालून भिंत खालून वर पुसत जा, म्हणजे तपकिरी ओघळांचे डाग पडत नाहीत. नंतर साध्या पाण्याने पुसा. पांढरा कपडा पिवळा व्हायचा थांबेपर्यंत हे चालू ठेवावं लागतं. पंख्याची पाती आणि एसीचा फिल्टर बहुतेक जण विसरतात. एवढं करूनही वास राहिला तर डाग अडवणारा प्रायमर आणि मग रंग. थेट रंग मारला तर पिवळे डाग वर येतात.

निरोपात ज्याचा उल्लेखच नाही असं एक कारण अगदी साधं आहे. मोरीच्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये साठलेलं पाणी गटाराचा वास अडवून धरतं. घर बंद राहिलं की ते सुकतं आणि वास थेट आत येतो. प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता. कुबट वास असेल तर ओल कुठून येते ते शोधा. गळती चालू असेपर्यंत बुरशी पुसून उपयोग नाही.

राहिली ‘एका रात्रीत’ची गोष्ट. त्याच खोलीत बसून राहिलं की नाक थोड्याच वेळात वासाला सरावतं, म्हणून वास गेल्यासारखा वाटतो. तासभर बाहेर फिरून या आणि मग हुंगा, किंवा बाहेरच्या कुणाला तरी विचारा. आणि प्रायमर, रंग, गळतीची दुरुस्ती ही कामं सहसा घरमालकाची समजली जातात, पण ते गृहीत धरू नका. किल्ली घेण्याआधीच वासाची लेखी नोंद करा आणि हे काम कोण करणार ते ठरवून घ्या.