आधी लेन्सचं कपाट उघडा

‘डीएसएलआर विकून टाका आणि सरळ सोनीकडे वळा’ हा लेखातला सल्ला मला पटला नाही. म्हणजे आरशाचा जुना कॅमेरा (डीएसएलआर) सोडून सोनीचा बिनआरशाचा, मिररलेस घ्यायचा. भाऊ, मी भुसावळला लग्नाचं शूटिंग करतो, निकॉनवर. गेल्या हंगामात सोनीचा ऑटोफोकस बघून माझंही मन गेलं होतं. मग कपाट उघडलं. बॉडी दोन, लेन्स पाच. पैसा खरा लेन्समध्येच अडकलेला असतो, आणि विकायला काढल्या की गिऱ्हाईक निम्मे द्यायलाही तयार नसतं.

माउंट म्हणजे बॉडीवर लेन्स बसते ती कडी. निकॉनचा एफ माउंट १९५९ पासूनचा, सेन्सरपासून ४६.५ मिलिमीटरवर. निकॉनच्याच मिररलेसचा, २०१८ चा झेड माउंट फक्त १६ वर. मधल्या जागेत अ‍ॅडॉप्टर बसतो, म्हणून जुन्या लेन्स नव्या बॉडीवर चालतात. कॅननमध्ये जुन्या ईएफ माउंटवरून मिररलेसच्या आरएफला जातानाही तसंच. पण निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरमध्ये फोकसची मोटर नाही, हे लेखात यायला हवं होतं. जुन्या एएफ-डी लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते, त्यांना मग हातानेच फोकस करावा लागतो. माझी ८५ मिलिमीटरची लेन्स तशीच आहे, आणि नवरीचे सगळे चांगले फोटो तिचेच.

आणि हाताची सवय? सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीला पहाटे, ढोलाच्या गर्दीत, नुसत्या जाळाच्या उजेडात बटणं बघायला वेळ नसतो. कॅनन आणि निकॉनची तर लेन्स बसवायची दिशाही उलटी.

बदलायचंच असेल त्यांनी आधी बॉडी भाड्याने घेऊन मे महिन्याच्या उन्हात दोन लग्नं पूर्ण काढावीत. सध्या मी झेडची एकच बॉडी घेतोय, ८५ ठेवून.