म्हशीचा पुरावा

इंग्लंडात घर घेताना तुमची ऑफर स्वीकारली गेली की इस्टेट एजंट फोन करून अभिनंदन करतो. त्याला काडीचा अर्थ नसतो. आपल्याकडे इसाराचे पैसे हातावर ठेवले की शब्द फिरवताना माणसाला निदान लाज तरी वाटते. इथे कॉन्ट्रॅक्ट एक्स्चेंज, म्हणजे दोन्ही बाजूंच्या सह्या केलेल्या करारांची अदलाबदल, होईपर्यंत कुणीही, कधीही, कारण न सांगता पळून जाऊ शकतो. एक्स्चेंजला आम्हाला पाच महिने लागले. तोवर आपला सगळा भार ज्याच्या खांद्यावर, तो सॉलिसिटर, म्हणजे खरेदीचे कागद बघणारा वकील.

एजंट म्हणाला, आमच्या ओळखीचे घ्या. त्याबद्दल त्याला किती कमिशन मिळतं तेही त्यानं बारीक अक्षरात छापलं होतं, कारण ते सांगावंच लागतं. मग मी नॉटिंगहॅममधल्या मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं. तासाभरात अकरा नावं आली आणि त्यातल्याच नऊ जणांच्या वाऱ्यालाही उभं राहू नका, असेही निरोप आले. शेवटी आम्ही घराण्याची परंपरा राखली आणि सगळ्यात स्वस्त असलेल्या बाई निवडल्या. साडेपाचशे पौंड. सही केल्यावर कोटेशनचं दुसरं पान वाचलं. ओळख तपासायचे वेगळे, पैसे पाठवायचे वेगळे, स्टँप ड्यूटीचा फॉर्म भरायचे वेगळे (ड्यूटी शून्य असली तरी फॉर्म भरावाच लागतो) आणि डिपॉझिटसाठी वडिलांनी मदत केली असेल तर त्याचेही वेगळे.

वडिलांनी मदत केली होती. नाना सातारा जिल्ह्यात तलाठी होते. ग्रॅच्युइटीतले शिल्लक पैसे त्यांनी पाठवले. त्यावर बाईंचं पहिलं पत्र आलं, की ही भेट आहे, परत मागणार नाही आणि या घरात माझा कसलाही हक्क राहणार नाही, असं वडिलांनी लिहून द्यावं. नानांनी आयुष्यभर लोकांकडून असली हक्कसोडपत्रं लिहून घेतलेली. स्वतः लिहायची वेळ आल्यावर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सही केली आणि म्हणाले, "मी आलो तर मला कुठं झोपवणार, ते पण लिहून घे म्हणावं तिला."

मग सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. त्यात एका ओळीवर बाईंनी पिवळा रंग फासला होता. रोख भरणा, बासष्ट हजार रुपये. हे पैसे कुठून आले? मी कळवलं, वडिलांनी म्हैस विकली. चार दिवसांनी उत्तर आलं, "कृपया म्हशीच्या विक्रीचा कागदोपत्री पुरावा सादर करावा." काळा पैसा पांढरा करण्याविरुद्धचे नियम इथे फार कडक आहेत, आणि म्हैस मुळातच काळी. नानांनी बाजार समितीची पावती काढली, मी तिचं इंग्रजी भाषांतर केलं. नानांनी वर म्हशीचा फोटोही जोडला, शिंगांसकट, शेजारी स्वतः टोपी घालून उभे. बाईंचं उत्तर एका ओळीत आलं. "धन्यवाद. म्हैस फाइलला लावली आहे."

या बाईंना आम्ही आजतागायत पाहिलेलं नाही. फोन केला की त्या मीटिंगमध्ये असायच्या. मेल केला की "समोरच्या बाजूच्या उत्तराची वाट पाहत आहोत" एवढं एक वाक्य, आणि खाली फसवणुकीपासून सावध राहण्याची वीस ओळींची ताकीद. समोरची बाजू म्हणजे घर विकणारं म्हातारं जोडपं. ते स्केगनेसला समुद्राकाठी बंगला घेत होते, तो विकणारी बाई आणखी कुणाचं तरी घर घेत होती. अशी ही साखळी, आणि तिच्यातला प्रत्येक सॉलिसिटर पुढच्याच्या उत्तराची वाट पाहत बसलेला.

मग सर्च, म्हणजे जागेच्या चौकशा, सुरू झाले, आणि इथून नानांना रंग चढला. मी एकेक कागद व्हॉट्सॲपवर पाठवायचो. लँड रजिस्ट्रीचा उतारा बघून म्हणाले, "आरं, हा तर सातबारा! पिकाचा रकाना कुठाय?" नॉटिंगहॅमशायर हा कोळशाचा जुना मुलूख, म्हणून घराखाली खाण आहे का, याचा एक अहवाल. ट्रेंट नदीचं पाणी कुठवर येतं, त्याचा दुसरा. तिसरा सर्च मात्र मला कळेना. जुन्या चर्चच्या दुरुस्तीचा खर्च घरमालकावर येतो का, याची ती चौकशी. थट्टा नाही, २००३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या इथल्या सर्वोच्च न्यायालयानं, वॉरिकशायरमधल्या एका जोडप्याविरुद्ध निकाल दिला आणि गावच्या चर्चच्या दुरुस्तीपायी त्यांच्यावर लाखाहून जास्त पौंडांचा बोजा पडला. नानांना हे समजावायला लागलंच नाही. "देवस्थान इनाम," ते म्हणाले, "पुढचा कागद पाठव." वीस-पंचवीस पौंडांचा विमा काढून तो विषय मिटला.

सगळ्यात चिवट निघाला तो घरात काय ठेवणार आणि काय नेणार, याचा फॉर्म. त्यात पडद्यांचे रॉड असतात, बल्ब असतात, टॉयलेट रोल अडकवायची दांडीही असते. म्हाताऱ्यांनी गालिचे ठेवले, कुकर ठेवला आणि दांडीसमोर "नेणार" अशी खूण केली. बायको हट्टाला पेटली. बाईंनी रीतसर विचारणा केली. साखळी नऊ दिवस थांबली. नाना म्हणाले, "नेऊ दे की. तू टमरेल ठेवणार ना?"

एक्स्चेंजच्या दिवशी मी सुट्टी काढून नवा शर्ट घालून बसलो. वाटलं, कुठेतरी बोलावतील, सह्या होतील, निदान चहा तरी. प्रत्यक्षात सह्या केलेली कॉन्ट्रॅक्टं दोन्ही सॉलिसिटरांच्या कपाटात आपापल्या जागी राहिली. दोघांनी फोनवर बोलून वेळ लिहून घेतली, अकरा वाजून बावीस मिनिटं, झालं एक्स्चेंज. एकही कागद इकडचा तिकडे झाला नाही.

किल्ली मिळाली दोन आठवड्यांनी, शुक्रवारी. पैसे साखळीत वर चढेपर्यंत आम्ही भाड्याच्या व्हॅनमध्ये घरासमोरच बसलो होतो, बायकोच्या मांडीवर देवघर. पावणेतीनला एजंटचा फोन आला. आत गेलो तर बाथरूमच्या भिंतीला स्क्रूची चार भोकं.

संध्याकाळी नानांना व्हिडिओवर घर दाखवलं. "मागचं परडं दाव," म्हणाले. दाखवलं. हिरवळ बघून बराच वेळ गप्प राहिले. मग मी सांगितलं, की १९३४ च्या विक्रीखतात अट आहे, या जागेत डुकरं आणि कोंबड्या पाळायच्या नाहीत.

"म्हैस लिहिलीय का?"

मी कागद काढून पुन्हा बघितला. नव्हती.