रेघ मारायच्या आधी विचारा

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "नवीन डीपीत जमीनवाल्यांना विचारायचंच कशाला? त्यांना फक्त भाव कळतो. नियोजन तज्ज्ञांवर सोडा." डीपी म्हणजे विकास आराखडा, कुठल्या जमिनीवर घरं, रस्ते, बागा येणार ते ठरवणारा नकाशा. खाली अंगठ्यांची रांग लागली. अंगठे देणारे बरेचजण माझ्या रोजच्या बोलण्यातले आहेत, अडीनडीला धावून येणारे आहेत, म्हणून जास्त लागलं. तिथे उत्तर लिहायला घेतलं, पण ते दोन ओळींत मावेना. म्हणून इथे लिहितेय. लांब होईल, पण वाचा.

मी याच गावची. पुण्याच्या कडेचं आमचं गाव आता उपनगर झालंय. मी राहते ती इमारत शेजारच्या गटात उभी आहे, आणि पलीकडच्या ओढ्याकाठच्या तुकड्याच्या सातबाऱ्यावर अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, नावाखाली माझं आणि भावाचं नाव आहे. म्हणजे फ्लॅटवाली मीच आणि जमीनवालीही मीच.

मागे आमच्या भागाचा प्रारूप आराखडा जाहीर झाला तेव्हा कळलं की आमच्या खालच्या अंगाला, ओढ्याला लागून, खेळाच्या मैदानाचं आरक्षण पडलंय, म्हणजे पुढे मैदानासाठी घ्यायची म्हणून जागा राखून ठेवलीय, आणि 18 मीटरचा रस्ता सरळ विहिरीवरून गेलाय. अण्णांनी हरकत दिली. सुनावणीची तारीख आली तेव्हा मी सोबत गेले. आदल्या रात्री त्यांनी वहीच्या कागदावर नकाशा काढला होता. ओढा कुठून वळतो, जास्त पावसाच्या सालात पाणी कुठवर चढतं, विहीर, वहिवाटेची वाट, बांधावरची चिंच, सगळं. साहेबांसमोर उभं राहून ते एवढंच म्हणाले, "मैदान घ्या, आमचं नाही नाही. पण वर माळावर घ्या. खाली चार महिने चिखल असतो, पोरं खेळणार कुठं?" साहेब म्हणाले, "लेखी दिलंय ना? नोंद घेतली." पुढचं नाव पुकारलं गेलं. अण्णांनी कागद टेबलावर ठेवला तर तो परत हातात दिला, "याची गरज नाही."

आता मला सांगा, हा माणूस भाव मागत होता का?

कायद्यात काय आहे तेही सांगते, कारण "सुनावणी होते की" हे उत्तर येणारच. महाराष्ट्रात हे सगळं 1966 च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाने चालतं. आधी विद्यमान जमीन वापराचा नकाशा होतो, त्यावरून प्रारूप आराखडा होतो, मग तो जाहीर होतो आणि हरकती-सूचनांसाठी 30 दिवस मिळतात. त्यानंतर नियोजन समिती ऐकते. महापालिकेत या समितीवर स्थायी समितीचे तिघे आणि सरकारने नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. मालकाची पाळी येते ती नकाशावर रेघा मारून झाल्यावर. तोवर कुणाच्या रानात पिवळा (घरं बांधता येणारा) पट्टा आला, कुणाच्यात हिरवा (शेतीचा) राहिला, कुणावर आरक्षण पडलं, हे ठरून गेलेलं असतं. मग हजारो लोक एकाच दारात आपापली फाइल घेऊन उभे. पीएमआरडीएचा, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, प्रारूप आराखडा 2021 मध्ये आला तेव्हा 67 हजारांच्या आसपास हरकती आल्या होत्या. एवढ्या हरकती म्हणजे लोक भांडकुदळ आहेत असा अर्थ काढणारे मला भेटलेत. अरे, इतक्या लोकांना आधी कुणी विचारलंच नाही, हा साधा अर्थ का नाही दिसत? शेवटी 2025 मध्ये सरकारने तो आराखडाच रद्द केला. इतकी वर्षं, इतकं काम, आणि लोकांच्या डोक्यावर टांगती तलवार ती वेगळीच.

पुणे महापालिकेत 2017 ला 11 गावं आली, 2021 ला आणखी 23. घर बांधायचं थांबत नाही, नकाशा मात्र येत नाही. या मधल्या काळात काय होतं ते ग्रुपवरच्या मंडळींना ठाऊक नसावं. आरक्षण पडलेल्या जमिनीला बँक कर्ज देत नाही. बिल्डर फिरकत नाही. बांधकाम परवानगी नाही. पोरीचं लग्न किंवा दवाखाना निघाला की शेतकरी गुंठ्या-दोन गुंठ्यांनी स्टॅम्प पेपरवर विकून मोकळा होतो. घेणारा असतो मराठवाड्यातून, विदर्भातून आलेला रिक्षावाला नाहीतर कंपनीतला कंत्राटी कामगार. त्याला तेवढंच परवडतं. दहा फुटी बोळ, ड्रेनेज नाही, अग्निशमनची गाडी वळत नाही. मग तुम्हीच म्हणता, "बघा ही गुंठेवारी, गावकऱ्यांनी वाट लावली." वाट आरक्षण टाकून जमीन न घेणाऱ्याने लावली.

त्या जमिनी घेत का नाहीत? पैसे नाहीत म्हणून. कायद्याचं 127 कलम म्हणतं, 10 वर्षांत जमीन घेतली नाही तर मालकाने नोटीस द्यावी, त्यानंतर 24 महिन्यांत हालचाल झाली नाही तर आरक्षण जातं. म्हणजे एका माणसाच्या कामाच्या उमेदीची बारा वर्षं गेली. वकील लावायची ऐपत असलेला सुटतो आणि नसलेला तसाच बसतो. टीडीआर, म्हणजे जमिनीच्या बदल्यात विकता येणारा बांधकामाचा हक्क, मिळतो म्हणाल. मिळतो, पण चाळीस गुंठेवाल्याला तो मिळवताना किती टेबलं फिरावी लागतात ते बघितलंय मी, आणि शेवटी बिल्डर सांगेल त्या दरात तो द्यावा लागतो.

मला सगळ्यात जास्त राग या वाटणीचा येतो. एकाच बांधाच्या दोन बाजू. इकडच्याच्या गटात बाग, दवाखाना, रस्ता, सगळं पडलं, तो संपला. तिकडच्याची जमीन पिवळी झाली आणि समोर बाग-रस्ता आल्याने भाव दुप्पट झाला. दोघांनी काय वेगळं केलं होतं? काही नाही. गावातली भांडणं इथून सुरू होतात. सख्खे चुलत भाऊ एकमेकांच्या दारात जायचे बंद झाले आमच्यात, एका रेघेमुळे.

आणि यावर उपाय माहीत नाही असंही नाही. त्याच कायद्यात नगररचना योजना आहे, टीपी स्कीम म्हणतात ती. सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरायच्या, रस्ते, बागा, शाळा यांची जागा सगळ्यांच्या हिश्श्यातून काढायची आणि प्रत्येकाला रस्त्यावर तोंड असलेला, चौकोनी, विकसित अंतिम भूखंड परत द्यायचा. मुंबई इलाख्यात 1915 पासून याचा कायदा होता. पुण्यात भांबुर्ड्याला अशीच योजना झाली, आज आपण शिवाजीनगर म्हणून तिथे कौतुकाने फिरतो. गुजरातने अहमदाबाद याच रस्त्याने वाढवलं. आपल्याकडे मधली कित्येक दशकं हे सामान माळ्यावर टाकून दिलं गेलं. अलीकडे हिंजवडीजवळ म्हाळुंगे-माणला सुमारे 250 हेक्टरवर हात घातला, मालकाला निम्मी जमीन परत या हिशेबाने. निम्मी जाणं कुणाला सुखाचं नसतं. पण सगळ्यांची निम्मी जाते तेव्हा माणूस गिळतो. एकट्याची सगळी जाते तेव्हा तो कोर्टात जातो.

मगरपट्ट्याचं उदाहरण तर हडपसरच्या वेशीत आहे. शंभरावर शेतकरी कुटुंबांनी सुमारे 400 एकर एकत्र केली, कंपनी काढली, जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले आणि गाव स्वतःच वसवलं. तिथे झाडं आहेत की नाहीत, रस्ते रुंद आहेत की नाहीत, तुम्हीच बघा. भाव कळणाऱ्या शेतकऱ्यांनीच केलं ना ते? हो, तिथे एकाच भावकीचे लोक बरेच होते आणि पुढाकार घेणारा खमका होता. प्रत्येक गावात तसं जुळत नाही, हे खरंय.

आणि हेही लिहून टाकते, नाहीतर कमेंटमध्ये कुणीतरी लिहीलच. जमीनवाल्यांतही लबाड असतात. मोठ्या घरावरचं आरक्षण रात्रीतून सरकतं आणि गरिबाच्या रानात येऊन पडतं, हे गावाला पाठ आहे. टेकड्या मोकळ्या राहिल्या पाहिजेत, त्यावर पिवळा पट्टा मागणाऱ्याच्या बाजूने मी नाही. 2021 च्या नव्हे, त्याआधी महापालिकेत आलेल्या जुन्या 23 गावांत टेकड्यांवरच्या सुमारे 978 हेक्टरला जैवविविधता उद्यान म्हणून राखलं, ते योग्यच होतं. फक्त तिथल्या मालकांच्या मोबदल्याचा घोळ वर्षानुवर्षं घालायला नको होता. पण मला सांगा, लबाडी बंद खोलीत जास्त चालते की गावाच्या चावडीत नकाशा भिंतीवर लावून, सगळ्यांसमोर? आमच्या गावात चारचौघांत कुणी म्हणू शकत नाही की ओढा इथून वाहत नव्हता. म्हातारी उठून विचारेल, "तुझा आजा कुठं बैलं धूत होता रं?"

ओढ्याचा विषय निघालाच आहे तर 25 सप्टेंबर 2019 आठवा. पुण्यातल्या आंबिल ओढ्याला पूर आला त्या रात्री कात्रजपासून खाली घरांत पाणी शिरलं, भिंती कोसळल्या, माणसं गेली, गाड्या वाहून गेल्या. ओढा अरुंद झाला, वळवला गेला, त्यावर बांधलं गेलं, असं सगळे मग म्हणाले. अण्णांचा तो वहीचा कागद मला त्या रात्री आठवला. पाणी कुठवर चढतं ते त्यावर लिहिलेलं होतं, सालासकट. कुठल्या उपग्रहाच्या चित्रात ते मिळणार आहे? जीआयएसवर, म्हणजे संगणकावर, नकाशे करणाऱ्या पोरांशी माझं भांडण नाही, हुशार आहेत, मेहनती आहेत. पण उन्हाळ्यात घेतलेल्या चित्रात कोरडा ओढा म्हणजे पडीक पट्टा दिसतो. तो ओढा आहे हे सांगायला तिथलाच माणूस लागतो.

आता थोडं आमच्या लोकांनाही. विचारा म्हणताना कुणाला विचारायचं? सुनावणीच्या दिवशी बाकांवर सगळे बाप्ये होते. सातबाऱ्यावर बहिणींची नावं आहेत, पण आराखडा येणार अशी कुणकुण लागली की भाऊ गाडी घेऊन बहिणीच्या दारात, "हक्कसोड करून दे, उगाच सह्यांना अडचण होते." साडीचोळी घेऊन सही करणाऱ्या किती बायकांना माहीत असतं की दोन महिन्यांत त्या रानातून रस्ता जाणार आहे? माझ्या आत्याला माहीत नव्हतं. तिने हसत सही केली आणि नंतर तिच्याच माहेरच्या जमिनीवर दुकानांची रांग उभी राहिली. तिने कधी बोलून दाखवलं नाही. तिच्यासाठी मला आज लिहितानाही गलबलतं. महापालिका, प्राधिकरण यांना नावं ठेवताना आपण घरात काय केलं हेही जरा बघू.

अण्णांना नंतर मी विचारलं होतं, एवढं करून काय मिळालं. म्हणाले, "त्यांना म्हाईत नव्हतं, आपण सांगितलं. आपलं काम तेवढं." त्यांच्याइतकी शांत मी नाही. मला राग येतो आणि येऊ दे.

तर मागणी साधी आहे. प्रारूप छापायच्या आधी, विद्यमान वापराचा नकाशा होतानाच, तो गावात लावा. गटवार बैठका घ्या, रविवारी घ्या, नोकरीवालेही येतील. सातबाऱ्यावरच्या प्रत्येक नावाला नोटीस द्या, फक्त पहिल्या नावाला नको. भाडेकरू आणि गुंठेवारीतल्या कुटुंबांनाही बसवा, राहायचं त्यांनाच आहे. आणि जिथे जमतं तिथे टीपी स्कीम करा, एकट्यादुकट्याच्या डोक्यावर सगळं टाकू नका. फ्लॅटवाल्यांनीही यावं. बागेची, शाळेची जागा कुठे हवी हे तुम्हालाही कळतं, आणि सोसायटीच्या नावावर जमीन झाली असेल तर तुम्हीही मालकच आहात.

पुढच्या महिन्यात आम्ही काहीजण गावाचा गट नकाशा मोठा छापून देवळाच्या सभामंडपात लावणार आहोत. ओढे, विहिरी, वहिवाटीच्या वाटा, पाणी साचतं त्या जागा, जुनी झाडं, सगळं त्यावर म्हाताऱ्या माणसांकडून भरून घ्यायचं आणि सह्यांनिशी नगररचना कार्यालयात देऊन पोच घ्यायची. ज्यांच्या गावाचं काम अजून प्रारूपाच्या अलीकडे आहे त्यांनी हे आत्ताच करा, 30 दिवसांची वाट बघू नका. अर्जाचा मसुदा माझ्याकडे तयार आहे, इनबॉक्समध्ये मागा, लगेच पाठवते.