रात्री तीनला अलर्ट कोणाच्या फोनवर येणार?

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेला महिनाभर एकच विषय चाललाय. रात्रपाळीचे दोन्ही वॉचमन बंद करायचे आणि त्या पैशात सोळा कॅमेरे, गेटला अ‍ॅप आणि कुठल्यातरी कंपनीचं लांब बसून लक्ष ठेवणारं पॅकेज घ्यायचं. दोघांचे मिळून एजन्सीला महिन्याला तीस हजार जातात, वर ते झोपतात, मागच्या पावसाळ्यात दोन स्कूटरमधलं पेट्रोल चोरीला गेलं तेव्हा म्हणे दोघंही खुर्चीत घोरत होते. मग सेक्रेटरीकाकांनी मला टॅग केलं, "तू अमेरिकेत असतेस, तिकडे हेच चालतं ना? सांग जरा सगळ्यांना." मी बारा वर्षं सिएटलला राहते, फ्लॅट आईबाबांच्या नावावर, त्यामुळे मत द्यायचा मला काही हक्क नाही, पण विचारलंय तर सांगते, थोडं लांबेल.

हो, इकडे हेच चालतं. पण इकडे मुळात घराला वॉचमन नव्हताच, इकडे होता अलार्म. एडीटी नावाची कंपनी १८७४ पासून आहे, म्हणजे तारेच्या जमान्यातली. धंदा वर्षानुवर्षं तोच, माणूस येऊन दारंखिडक्यांना सेन्सर लावणार, तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, दर महिन्याला चाळीस-पन्नास डॉलर, आणि अंगणात कंपनीची पाटी. (पाटीच निम्मं काम करते असं इथले लोक म्हणतात, काहीजण तर नुसती पाटीच विकत आणून लावतात.) सेन्सर वाजला की कुठल्यातरी दुसऱ्या राज्यातल्या सेंटरमधून फोन येणार, तुम्ही पासवर्ड सांगायचा, नाही सांगितला तर ते पोलिसांना कळवणार.

या सगळ्यात मोठ्या टेक कंपन्या घुसल्या. गूगलने २०१४ मध्ये घरातली स्मार्ट उपकरणं बनवणारी नेस्ट ही कंपनी ३२० कोटी डॉलरला घेतली. रिंगचा मालक २०१३ मध्ये आपली कॅमेऱ्याची डोअरबेल घेऊन टीव्हीवरच्या गुंतवणूकदारांच्या शोमध्ये गेला होता आणि रिकाम्या हाताने परत आला होता, तीच रिंग अ‍ॅमेझॉनने २०१८ मध्ये साधारण १०० कोटी डॉलरला उचलली. त्याच वर्षी रिंगने १९९ डॉलरचा अलार्म काढला, स्वतः लावा, कॉन्ट्रॅक्ट नाही, सेंटरमधल्या माणसांचं लक्ष हवं असेल तर महिन्याला १० डॉलर. सगळे म्हणायला लागले आता एडीटी संपली. संपली नाही. २०२० मध्ये गूगलनेच एडीटीत ४५ कोटी डॉलर घालून ६.६ टक्के हिस्सा घेतला, आणि त्याच वर्षी स्वतःचा नेस्ट सिक्युअर अलार्म विकणं बंद केलं. २०१७ मध्ये ४९९ डॉलर मोजून ज्यांनी तो घेतला त्यांचा एप्रिल २०२४ मध्ये कायमचा गप्प झाला. भरपाई म्हणून काहीतरी दिलं म्हणा, पण सात वर्षांत घराचा अलार्म भंगारात? आमच्या सोसायटीचं लोखंडी गेट १९९१ चं आहे, वंगण घातलं की अजून चालतं.

हे एवढं सांगायचं कारण, ग्रुपवर जो हिशोब चाललाय तो पहिल्या वर्षाचा चाललाय. रिंगचा व्हिडिओ साठवायचा सगळ्यात साधा प्लॅन आधी महिन्याला ३ डॉलर होता, २०२२ मध्ये ३.९९ झाला, २०२४ मध्ये ४.९९. आकडा छोटा आहे, मान्य, पण कॅमेरा तुमचा, भिंत तुमची, वीज तुमची, आणि कालचं रेकॉर्डिंग बघायला भाडं भरायचं, ते वाढवायचं की नाही हे तिसराच ठरवणार. आणि हे सगळं लांबच्या कुठल्यातरी सर्व्हरवर. २० ऑक्टोबर २०२५ ला अ‍ॅमेझॉनची क्लाउड सेवा व्हर्जिनियात कोलमडली तेव्हा कित्येकांच्या दारावरच्या बेलसुद्धा त्याबरोबर बंद पडल्या.

आता मुख्य गोष्ट, अलार्म वाजला तर येतं कोण?

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी मुलीचा वाढदिवस झाला, रात्री हेलियमचा एक फुगा हॉलमध्ये तसाच राहिला. पहाटे पावणेतीनला हीटरची हवा सुरू झाली, फुगा सेन्सरसमोरून डुलत गेला आणि जो काही भोंगा वाजला. सेंटरमधून फोन आला, बाई पासवर्ड विचारतायत, नवरा झोपेत माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे, आणि मुलगी रडत मध्ये उभी. पासवर्ड शेवटी फ्रीजवरच्या चिठ्ठीवर मिळाला. हसू नका, असे खोटे अलार्मच जास्त असतात. सिएटल पोलिसांकडे २०२३ मध्ये अलार्मचे साधारण १३ हजार कॉल गेले, त्यातल्या ४ टक्क्यांहूनही कमी ठिकाणी खरोखर गुन्हा निघाला. म्हणून १ ऑक्टोबर २०२४ पासून पोलिसांनी सांगून टाकलं की नुसता सेन्सर वाजला तर आम्ही येणार नाही, व्हिडिओ, आवाज, कोणी डोळ्यांनी बघितलेलं, असं काहीतरी दाखवा. पोलिसांचं पटतं मला, माणसं कमी आहेत त्यांच्याकडे. पण याचा अर्थ असा की आता पोलीस हवे असतील तर कॅमेरा घेणं आलंच, म्हणजे कॅमेरावाल्यांचं गिऱ्हाईक पोलिसांच्या नियमाने वाढलं. आणि तो व्हिडिओ रात्री बघून ठरवायचं कोणी, चोर आहे की रॅकून (इकडचा रात्री फिरणारा मांजराएवढा प्राणी) आहे? मी. वॉचमनची ड्युटी संपली नाही हो, ती माझ्या उशीखाली आली, वर पैसे मीच भरते.

आणि बाबांचा किस्सा तर मी ग्रुपवर कधी सांगितलाच नव्हता. मागच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये बाबा इथे आले होते, रोज सकाळी सहाला फिरायला जायचे, स्वेटर, मफलर, वर ती तपकिरी माकडटोपी. चौथ्या दिवशी आमच्या गल्लीच्या ग्रुपवर कोणाच्यातरी डोअरबेलचा व्हिडिओ पडला, खाली लिहिलेलं, हा माणूस रोज अंधारात घरांकडे बघत हळूहळू चालतो, कोणी ओळखतं का? बाबा घरांकडे नाही, दारातली गुलाबाची झाडं बघत होते, त्यांना कलमांचं वेड. मी खाली लिहिलं, माझे वडील आहेत. लगेच सॉरी, हार्ट, सो स्वीट, सगळं आलं. लिहिणारी बाई वाईट नाही, नंतर केक घेऊन आली. पण ती आमच्यापासून पाचव्या घरात सहा वर्षं राहते आणि तिने बाबांना पहिल्यांदा बघितलं ते फोनवर, संशयित म्हणून. बाबांना मी सांगितलंच नाही, फक्त म्हटलं उद्यापासून जरा उजाडल्यावर जा.

आणि तिकडे आमचे रात्रीचे वॉचमनकाका. जौनपूरचे, चौदा वर्षं झाली. झोपतात, अगदी खरं आहे, मी स्वतः बघितलंय. पण बारा तासांची ड्युटी करून दिवसा दुसरीकडे गाड्या धुणारा माणूस रात्री दोनला जागा कसा राहणार हेही बघा ना, आणि आपण तीस हजार देतो त्यातले त्यांच्या हातात किती पडतात हे एजन्सीला कोणी विचारलंय? महाराष्ट्रात सुरक्षारक्षकांसाठी १९८१ चा कायदा आहे, सुरक्षारक्षक मंडळं आहेत, आपल्या कमिटीने तिकडे कधी चौकशी केली असं मला तरी आठवत नाही. याच काकांनी एकदा रात्री साडेअकराला बेल मारून बाबांना सांगितलं की चावी बाहेर दारालाच लटकतेय. पहाटे पाण्याची मोटर तेच लावतात. कोणाच्या घरचा पाहुणा, कोणाचा जावई, कोणाचा रुसून गेलेला मुलगा परत आला, सगळं त्यांना तोंडपाठ. माकडटोपीतल्या माणसाचा व्हिडिओ त्यांनी काढला नसता, "साहेब, आज उशीर झाला" म्हणाले असते.

गेटच्या अ‍ॅपचं पण तसंच. कामवाल्या मावशी किती वाजता आल्या, किती वाजता गेल्या, त्यांना किती स्टार, हे सगळं त्यात येतं. पेट्रोल चोरणाऱ्याचं काय येणार? तो गेटवर ओटीपी विचारून आत येणार आहे का?

कॅमेरे नकोत असं मी म्हणत नाहीये, पार्किंगला लावाच. पण रेकॉर्डर आपल्या ऑफिसात कुलपात ठेवा, क्लाउडचं मासिक भाडं घेऊ नका, आणि इंटरनेटला जोडायचे कॅमेरे सरकारी चाचणीतून पास झालेलेच विकायचा आता नियम आहे, ते सर्टिफिकेट विक्रेत्याकडे मागा. फुटेज कोण बघणार हे लिहून ठेवा. हे मी उगाच म्हणत नाही, २०२३ मध्ये इथल्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्था) रिंगवर आरोप ठेवला की त्यांच्या एका कर्मचाऱ्याने बायकांच्या बेडरूम-बाथरूममधल्या कॅमेऱ्यांचे हजारो व्हिडिओ बघितले, आणि प्रकरण ५८ लाख डॉलर भरून मिटलं. जुनी एडीटी तरी धुतल्या तांदळासारखी आहे का, तर नाही, तिच्याच एका टेक्निशियनने दोनशेच्या आसपास ग्राहकांच्या कॅमेऱ्यांत चोरून बघितल्याचं २०२१ मध्ये कोर्टात कबूल केलं. हे दोन्ही पगारी कर्मचारी होते, बाहेरचे हॅकर नाहीत. आपल्याकडे तर कमिटीतल्या कोणाच्याही फोनवर अख्ख्या सोसायटीचा जिना दिसणार आहे, आणि कमिटीत कोणकोण आहेत ते मी बोलत नाही.

एक वॉचमन तरी ठेवा आणि त्याला आठ तासांची ड्युटी द्या, असं मी काल लिहिलं. खाली एकच प्रश्न टाकला, कॅमेऱ्याचा अलर्ट रात्री तीनला आला तर तो कोणाच्या फोनवर येणार आणि खाली उतरून बघणार कोण, नाव सांगा. अठ्ठेचाळीस जणांनी वाचलंय, मला दिसतंय. नाव कोणी दिलेलं नाही. सकाळी बी विंगमधल्या काकांनी गुलाबाच्या फुलावर दव पडलेला गुड मॉर्निंग टाकला, त्याला एकवीस नमस्कार आलेत.